हळदीचे बेडूक

माझी धाकटी जाऊ सुगंधा माहेरी बाळंत झाली आणि तिसरीही मुलगीच झाली म्हणून तोंडं पाडून बसलेल्या बायांना माझ्या सासूने, "पोरगी झाली का घरात कोनी मेलं?" असं विचारून गप्प केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पाच दिवस तिथे राहून, बाळ-बाळंतिणीची शेकशेगडी करून, सहाव्या दिवशी सकाळी सासू परतली. घरी गेलीच नाही. काखेतलं बोचकं तसंच घेऊन सरळ केंद्रावर आली. मी चार नंबरच्या टाकीपाशी बसले होते. पुढ्यातल्या टोपलीत मेलेले बेडूक होते.

"किती वं गिरजे?"

"आजचे अकरा."

"आन् काल?"

"काल नऊ."

तिने बोचकं खाली ठेवलं, एक बेडूक उचलून उताणा केला. मांडीची आतली कातडी लाल झाली होती, जणू कोणी बोरीच्या काट्यांतून ओढून काढला असावा. पोट फुगलेलं, पाय ताणलेले.

"मी गेली तवा ह्या टाकीत एकबी लाल नोता," ती म्हणाली.

"आता अकरा नंबरातबी सुरू झालं, मामी."

सासूला आम्ही सगळ्याच बाया मामी म्हणायचो. तिने मेलेल्या बेडकाचे पाय जवळ घेतले, नीट मिटवले आणि त्याला टोपलीत ठेवलं.

आम्ही चिचटोल्याचे ढिवर. तलाव, जाळं आणि डोंगा यांवर आमच्या पिढ्या गेल्या. त्या काळात गावच्या मच्छीमार सोसायटीने तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, बेडूक वाढवायचं केंद्र काढलं होतं. कंबरेइतक्या उंचीच्या सिमेंटच्या बारा टाक्या होत्या. प्रत्येकीत अर्धं पाणी, अर्धा कोरडा ओटा, वरून जाळी. आत मोठे हिरवे बेडूक, पाठीवर पिवळी रेघ असलेले. दूरच्या देशांत त्यांच्या तंगड्या खातात, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही सहा बाया तिथे कामाला होतो. गावातले लोक हसायचे. चावडीवरून कोणी ओरडायचा, "चालल्या पाहा बेंडकाच्या बाया!" आणि सासू न थांबता उत्तर द्यायची, "बेंडूक बरा रे बाप्पा. तो पानी पाहून ओरडते. तू तं कोरडाच ओरडते."

लोकांना हे काम हलकं वाटायचं. करून पाहिलं असतं तर कळलं असतं. बेडूक मेलेलं खात नाही. जे हलतं तेच त्याच्या लेखी अन्न. कोंड्यात वाढवलेल्या अळ्या कमी पडल्या की आम्ही सुकी मासोळी द्यायचो आणि ती जिवंत वाटावी म्हणून ताट हलवत बसायचो. बाकीच्या बाया ताट हलवायच्या आणि बेडूक भलतीकडे तोंड करून बसायचे. माझी सासू ताटाच्या काठावर दोन बोटांनी असा काही ठोका द्यायची की ताटातली मासोळी थरथरायची आणि सगळी टाकी एकदम तिच्याकडे वळायची. केंद्राचे प्रमुख डॉक्टर पळसुले पुण्याकडचे होते, बेडकांवर मोठं शिक्षण घेतलेले. त्यांनी तो ठोका शिकायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्यांना आला नाही. मला आला. दोन महिने लागले, पण आला.

रोग तीन नंबरच्या टाकीत सुरू झाला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला उभं करून सांगितलं होतं, "हा जंतूंचा रोग आहे. लाल पायाचा. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ज्याच्या मांडीवर किंवा पोटावर लाली दिसेल, त्याला सरळ चुन्याच्या खड्ड्यात टाकायचं. दया करायची नाही."

दया हा शब्द त्यांनी उगाच वापरला. सासूच्या मनात एरवी ती आली नसती, असं मला अजूनही वाटतं.

कोंड्याच्या खोलीमागे एक मोठं मडकं होतं. ज्यांच्या मांडीवर नुसती गुलाबी झाक आहे, जे अजून उडी मारतात, असे बेडूक सासू त्या मडक्यात ठेवायची. तिथे ती त्यांना हळदीचा लेप लावायची, जाळ्याने कापलेल्या बोटाला आम्ही लावतो तसाच. एक-दोन दिवसांत लाली उतरायची. मग ती बेडूक धुवून एखाद्या टाकीत सोडायची. कोणत्या? जिथे गर्दी कमी दिसेल तिथे. आजारातून उठलेल्याला मोकळी जागा पाहिजे, असं तिचं म्हणणं. आजूबाजूला मेलेले बेडूक पाहिले की त्याचं मन खचेल, म्हणून जुन्या टाकीत तो परत जायचा नाही.

हे तिला आणि मलाच माहीत होतं. आणि ती सुगंधाकडे गेली ते पाच दिवस मडक्याचं काम माझ्याकडे होतं.

ती परतली त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या शेजारी नारनवरे बाबू उभे होते, सोसायटीचे देखरेख करणारे. डॉक्टरांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"वरून हुकूम आला आहे," ते म्हणाले. "शनिवारी बाराही टाक्यांत चुना टाकायचा. आजारी असो, धडधाकट असो, सगळे बेडूक मारायचे आणि पुरायचे. केंद्र बंद."

कौतिका नावाची आमच्यातली बाई होती, तोंडाची फटकळ. तिनेच विचारलं, "नऊ नंबरबी साहेब?"

नऊ नंबरमध्ये अंड्यांवरचे बेडूक होते. पुढची सगळी पैदास त्यांच्यावर होती. त्यांतले बहुतेक आम्ही डबक्यातून आणलेल्या अंड्यांतून काढले होते, शेपूट गळेपर्यंत पाणी बदलून, शेवाळ चारून. त्या टाकीत एकही बेडूक आजारी नव्हता.

"नऊ नंबरही," डॉक्टर म्हणाले. "काय करू? रोग कसा पसरतोय हे सांगता आलं असतं तर मी भांडलो असतो. पाणी तीनातून चारात जातं, चारातून पाचात. मग रोग तीनातून सातात उडी मारून कसा गेला? सातातून मागे चारात आला, चारातून अकरात गेला. पाच अजून चांगली आहे. असा उड्या मारणारा रोग मी पाहिला नाही. म्हणजे जंतू सगळीकडेच आहेत, असं धरून चालावं लागतं."

मी तिथेच उभी राहून मनात ते नंबर जुळवत होते. तीनानंतर सात. सासूने बरे झालेले पहिले चार बेडूक सातात सोडले होते. त्यानंतर चार आणि अकरा. ज्या क्रमाने आम्ही बेडूक सोडत गेलो, त्याच क्रमाने डॉक्टर नंबर म्हणत होते.

जेवणाच्या सुट्टीत मी सासूला कोंड्याच्या खोलीमागे नेलं. मडक्यात तेव्हाही दोन बेडूक होते, पिवळेधमक.

"मामी, रोग आपनच नेऊन राहिलो."

"का म्हनते?"

"सातात आपन सोडले, मंग सात लागली. अकरात सोडले, मंग अकरा लागली. लाली उतरली म्हनजे रोग गेला असं नाई. तो आतच राह्यला."

तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. "माझ्या हळदीनं मेले म्हनते तू? ह्या हातानं मी तुझ्या नवऱ्याचं पाठीचं गळू बरं केलं. गावातल्या पोरायचे जखमा भरल्या. आन् तू मले सांगते?"

"हळदीनं नाई मेले, मामी. पन आपन नेले."

ती मडक्याशी बसली. हळद लावलेल्या बेडकाला तिने हातात घेतलं. तो बरा दिसत होता, गळ्याशी हलत होता. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल, किंवा म्हणेल की तोंड शिवून ठेव. एवढी जाणती बाई, सगळ्या बाया जिच्या शब्दावर चालायच्या. तिची चूक निघाली तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. बेंडकाच्या बाईने बेंडकंच मारले, असं लोक म्हणाले असते.

ती उठली. "चाल," म्हणाली.

"कोठं?"

"साहेबाकडं. आन् तू तोंड उघडू नोको. मी बोलतो."

डॉक्टर कागद समोर घेऊन बसले होते. नारनवरे बाबू पान लावत होते. सासूने मडक्यातले दोन्ही बेडूक टेबलावर ठेवले. हळदीचे ठसे कागदावर उमटले.

"हे मी केलं साहेब," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. मडकं, लेप, मोकळी जागा. एकदाही मान खाली घातली नाही.

नारनवरे बाबूंनी पान तसंच खाली ठेवलं. "भिवराबाई, तू सगळं केंद्र बुडवलंस! साहेबांनी सांगितलं नव्हतं, चुन्यात टाका? आजपासून घरी बस."

"बसतो बाबू. पन पहिले माझे बेंडकं काढू द्या."

"कोणते बेडूक?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"म्या हळद लावून सोडलेले. सतरा."

"टाकीत दीडशे बेडूक असतात, आजी. हळद तर कधीच धुतली गेली."

"हळद कायले पाह्यजे? मी त्यायले ओळखतो ना."

बाबू हसले. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांना पटलंही नव्हतं. ते तिला सहा नंबरच्या टाकीकडे घेऊन गेले. ती टाकी निरोगी होती, तिथे आम्ही काही सोडलं नव्हतं. त्यांनी एक बेडूक जाळीने काढला, तिला दाखवला, मग तिला पाठ फिरवायला सांगितली. बेडूक टाकीत सोडला, हाताने सगळं पाणी ढवळलं आणि म्हणाले, "आता दाखवा."

सासूने टाकीच्या काठावर दोन बोटांनी ठोका दिला. सगळे बेडूक वळले. तिने एकदा नजर फिरवली, वाकली आणि एक उचलला.

"हा. ह्याची रेघ मानेजवळ तुटली हाय. आन् डाव्या डोळ्यावर ठिपका."

डॉक्टरांनी तो हातात घेतला. त्यांनी आपल्या मनात काहीतरी खूण धरून ठेवली असणार आणि ती जुळली असणार. त्यांनी बाबूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "यांना काढून टाकलं तर ओळखणार कोण?"

आम्ही पाच बाया काठावर उभ्या राहिलो आणि भिवराबाई वलथरे टाकीत उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. एकेक बेडूक उचलून ती त्याला नाव ठेवत होती. "हा नकटा. ही दोन रेघंची. हा मेला लुच्चा, मले दोनदा चावला. ही बाई खाऊन खाऊन अशी झाली का कौतिका दिसते."

"मामी, मी इथंच उभी हाय!" कौतिका ओरडली आणि डॉक्टरसुद्धा हसले.

रोग लागलेल्या टाक्यांतले बेडूक तसेही चुन्यात जाणार होते. महत्त्वाच्या होत्या त्या निरोगी दिसणाऱ्या. पाच नंबरमधून तिने दोन काढले, बारा नंबरमधून चार. मग ती नऊ नंबरच्या टाकीत उतरली आणि थांबली. ठोका दिला, पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिने नऊमध्ये एकही सोडला नव्हता, खात्रीसाठी उतरली होती. पण मी मागे उभी होते आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं की इथे मी सोडलेत.

"इथं नाई," ती मोठ्याने म्हणाली. "साहेब, इथं काई नाई."

ती बाहेर आली आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "नावं सांग मले. रेघा सांग. मी काढतो."

मी सांगू शकले असते. तिने काढले असते आणि कोणाला कळलंही नसतं. पण त्या पाच दिवसांत मी जे बेडूक सोडले होते ते तिने पाहिलेच नव्हते. शब्दांनी सांगितलेली रेघ आणि हातात धरलेली रेघ सारखी नसते. तिने एकही चुकीचा उचलला असता तर नऊ नंबर गेला असता.

मी पदर खोचला आणि टाकीत उतरले.

"साहेब, पाच दिवस मामी नोती. तवाचे मी सोडले. सहा."

सासूने माझा दंड पकडला. जोरात. मग सोडला.

नारनवरे बाबू म्हणाले, "दोघीपन! सून आन् सासू, दोघीपन!"

मी ठोका दिला. माझ्या बोटांना घाम होता, पहिला ठोका ओला पडला आणि बेडूक वळले नाहीत. दुसऱ्याला वळले. मी तीन काढले. मोठे होते म्हणून मी त्यांना नऊमध्ये सोडलं होतं, त्यांच्यासारख्यांत असावेत म्हणून. एकेकाची रेघ मला आठवत होती, पाय आठवत होते. दहा नंबरमधून दोन काढले. मग मी थांबले.

"सहावा?" डॉक्टर म्हणाले.

सहाव्या बेडकाच्या वेळी पाऊस सुरू झाला होता. मी घाईत त्याला एक किंवा दोन नंबरमध्ये सोडलं होतं. कोणत्या, ते आठवेना. आणि त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नव्हतं.

"मले नाई माहीत," मी म्हणाले.

सासूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हे तिने मला शिकवलेलं नव्हतं, न पाहता सोडायचं.

शनिवारी चुना पडला. रोग लागलेल्या चार टाक्यांत, आणि एक व दोनमध्ये. तिथले धडधाकट बेडूक माझ्यामुळे गेले, मी स्वतः चुन्याचं घमेलं उचललं. बाकीच्या टाक्यांसाठी डॉक्टरांनी वर लिहून बारा दिवस मागितले, स्वतःच्या जबाबदारीवर. प्रत्येक टाकीला वेगळी बादली, वेगळी जाळी, वेगळं ताट. एका टाकीतून दुसरीत जायच्या आधी हातपाय पोटॅशच्या पाण्यात. बाबूंनी सासूला घरी बसवलं नाही. बसवून चाललं नसतं.

चौथ्या दिवशी पाच नंबरमध्ये दोघांच्या मांड्या लाल झाल्या. सासूने स्वतः त्यांना खड्ड्यात टाकलं आणि डॉक्टरांना सांगितलं, ही टाकीपन घ्या. ती गेली. बारा दिवस संपले तेव्हा सहा, आठ, नऊ, दहा आणि बारा या पाच टाक्यांत एकही लाल मांडी नव्हती. नऊ नंबरमधल्या माद्यांनी त्याच आठवड्यात अंडी घातली, पाण्यावर साबुदाण्यासारखी. सासू काठावर बसून पाहत होती. डॉक्टर तिच्याजवळ ओल्या जमिनीवर बसले, पँट भिजेल याची पर्वा न करता.

"मला अहवाल लिहायचा आहे," ते म्हणाले. "काय लिहू?"

"झालं ते लिहा. पन माझ्यासंगं दोन शबूद बोला पहिले. गिरजे, तू जाय, ताटं धू."

मी ताटं धुवायला गेले. ते दोघं बराच वेळ बोलत होते. नंतर अहवालावर सासूने अंगठा दिला आणि मीही दिला. वाचता दोघींनाही येत नव्हतं.

केंद्र आणखी तीन वर्षं चाललं, मग बंद पडलं. त्याची कारणं वेगळी होती. डॉक्टर बदलून गेले. गावातले लोक सासूला मरेपर्यंत बेंडूकवाली मामी म्हणायचे, पण आता ते हसून म्हणत नसत. दुसऱ्या तलावांवरचे लोक मासोळी आजारी पडली की तिला विचारायला यायचे आणि ती सगळ्यात आधी विचारायची, "जाळं एकच वापरता का वेगळं?"

मी अक्षरं शिकले तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. गावात बायांसाठी दुपारचा वर्ग सुरू झाला होता. जोडाक्षरं यायला मला दीड वर्ष लागलं. ती आली त्या हिवाळ्यात मी सोसायटीच्या कचेरीत गेले आणि कपाटातला तो अहवाल मागितला. पोरसवदा कारकुनाने तो शोधून दिला. कागद पिवळा पडला होता. बाकावर बसून मी बोट ठेवत ठेवत वाचला. अर्धी दुपार लागली.

त्यात लिहिलं होतं की हुकूम मोडून आजारी बेडूक परत सोडण्याची चूक श्रीमती भिवराबाई वलथरे यांनी एकट्याने केली. तेवीसच्या तेवीस बेडूक त्यांनीच सोडले, असं त्यांचं निवेदन आहे. खाली पुढच्या परिच्छेदात होतं की रोगवाहक बेडूक नजरेने ओळखून वेगळे काढण्याचं काम श्रीमती भिवराबाई आणि त्यांच्या सून श्रीमती गिरजाबाई वलथरे, या दोघींनी केलं, आणि त्यामुळे केंद्राच्या पाच टाक्या वाचल्या.

चूक तिने एकटीच्या नावावर घेतली होती. ओळख दोघींच्या नावावर लावली होती.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला, यावेळी मोठ्याने. कारकुनाने मान वर केली.

"कोण होत्या ह्या भिवराबाई?" त्याने विचारलं.

"माझी सासू," मी म्हणाले.

ती १९९३ च्या पौषात, एका मंगळवारी दुपारी, तीन दिवसांच्या तापाने गेली.